जवळ्याची चटणी आणि शेवटचा कॅम्प

हिमालयात सहा हजार मीटरच्या शिखरावर जायला निघाले, तेव्हा आईने माझ्या सॅकमध्ये जवळ्याची चटणी कोंबली. "ने गं. पोटात काय नाय तर चढशील कशी?" सगळा जन्म खारदांड्याला सुकी मासळी विकण्यात गेलेला. सुकटीचा वास कुणाला सहन होत नाही, हे तिला कोण समजावणार! मी मात्र जाम वैतागले. तंबूत माझ्यासोबत घाटकोपरची मैत्रीण असणार होती आणि तिच्या घरात कांदा-लसूणसुद्धा येत नाही. बोरिवलीच्या डोंगरात वर्षभर आम्ही दोघींनी सराव केला होता. वर एकत्रच उभं राहायचं, असं ठरलं होतं.

शेवटच्या कॅम्पवर माझी वाट लागली. उंचीवर भूक मरते हे ऐकून होते, पण इतकी? वरण-भात समोर आला की मळमळायचं. आमचा लीडर एक नंबरचा खडूस. "जी जेवणार नाही, ती उद्या तंबूत बसेल," म्हणाला. मला रडूच फुटलं.

"तुझ्या आईने काहीतरी दिलंय ना?" मैत्रीण म्हणाली. "निघाल्यापासून सॅकमधून वास येतोय. काढ ते."

"वेडी आहेस का? तंबू केवढासा!"

"काढ म्हणते ना. मी तोंड फिरवून बसते."

बाहेर वाऱ्यात उभंही राहवत नव्हतं. मी जवळा भातात कालवला आणि ताट चाटूनपुसून संपवलं. देवाशप्पथ, जेवण इतकं गोड कधी लागलं नव्हतं. ती तंबूच्या चेनला नाक लावून "झालं का गं?" विचारत होती, हसत होती. मी मागाहून जेवेन, म्हणाली. मी तृप्त होऊन झोपलेसुद्धा.

पहाटे लीडरने तिला विचारलं, जेवलीस का? ती खोटं बोलली नाही. त्या वासात तिच्या तोंडात घास गेलाच नव्हता, आणि आता उभं राहताना पाय लटपटत होते. "तू थांब," तो म्हणाला. मीही जात नाही म्हटलं, तर माझ्यावरच उखडली. "नाटकं नकोत आता. एवढा वास फुकट सहन केला का मी? नीघ!"

पोचले मी. वर दाट ढग. पुढच्या माणसाची पाठ दिसेना, तिथे डोंगर कुठले दिसायला! फोटोत मी चुना लावलेल्या भिंतीसमोर उभी असल्यासारखी आलेय.

उतरले तेव्हा ती गरम पाण्याचा मग घेऊन तंबूबाहेर उभी होती. "सांग, सांग! काय काय दिसलं?"

काहीतरी रचून सांगायचं, असं मी वाटेत ठरवलं होतं. तिचा चेहरा बघून जीभ रेटेना.

"ढग होते गं. काहीच नाही दिसलं."

"चल, म्हणजे माझं काही गेलं नाही," ती हसत म्हणाली. मग माझ्या हातात तिने मग दिला आणि तिथेच दगडावर बसून ढसाढसा रडली.