लोकल लेबर, दोन नग

सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि इस्तारी भानारकर जमिनीपासून सात मीटर उंचीवर, लोखंडी ड्रमच्या पाठीवर उकिडवा बसून पुढच्या तारा बघत होता. बुडाखाली ओलं पोतं होतं. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या लोखंडावर ते दर पंधरा मिनिटांनी भिजवलं नाही तर बसवत नाही. हातात बारा हात लांबीचा वाळका बांबू, टोकाला बेचकं, बेचक्याला जुन्या टायरचं रबर गुंडाळलेलं. खाली एकशे बारा चाकांचा ट्रेलर माणसाच्या चालीनं सरकत होता. पुढे एक पुलर ट्रक ओढायला, मागे एक ढकलायला.

नागभीड सोडून ब्रह्मपुरीच्या रस्त्यानं अकरा किलोमीटर झाले होते आणि समोर खैरटोला होतं.

ड्रम लोहखनिज वाळवायचा. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका नव्या कारखान्यात बसायचा आहे. परदेशातल्या बंदरावरून जहाजानं एक्केचाळीस दिवसांत विशाखापट्टणमला उतरला, तिथून रस्त्यानं निघाला. वजन एकशे अठ्ठेचाळीस टन, ट्रेलरसकट उंची सात मीटर दहा सेंटिमीटर. त्याच्या अंगावर तीन ठिकाणी डबीएवढी यंत्रं चिकटवली आहेत. ड्रमला धक्का बसला, तो ठरल्यापेक्षा जास्त कलला, की समुद्रापलीकडच्या एका कार्यालयात त्याची नोंद होते आणि तिथून फोन येतो. ड्रमवर बसून तारा उचलणाऱ्या माणसाच्या अंगावर असं काही चिकटवलेलं नाही. वाहतूक कंपनीच्या यादीत तो आहे, पण साहित्याच्या रकान्यात: लाल झेंडे बारा, प्लास्टिकचे शंकू वीस, दोर तीन, आग विझवायची नळकांडी चार, लोकल लेबर दोन नग.

दोन नगांपैकी एक इस्तारी, वय चौपन्न. दुसरा हरिदास, सहा आठवड्यांपूर्वी कामावर लागलेला, पस्तिशीचा.

इस्तारी ढिवर. नागभीडजवळच्या गावात वडिलांनी तलावात जाळं टाकलं, यानंही टाकलं. लांब बांबूनं डोंगा ढकलताना जोर कुठे द्यायचा हे अंगात मुरलेलं होतं. पंचविसाव्या वर्षी एका ठेकेदारानं विजेच्या खांबांचे खड्डे खणायला नेलं, तिथून एका अवजड वाहतुकीवाल्यानं उचललं. गेली बावीस वर्षं तो तारा उचलतो. ट्रान्सफॉर्मर, बॉयलर, सिमेंटच्या भट्टीचे तुकडे. गडचांदूर, कोरपन्याकडच्या कारखान्यांत गेलेल्या मोठ्या मालातला बराचसा त्याच्या बांबूखालून गेलेला आहे.

त्याचा एक नियम आहे. लाइनमन स्वतः येईल, टेस्टरची काठी तारेला लावील, मग अर्थिंगची साखळी आकड्यानं तारेवर टाकील आणि तिचं दुसरं टोक जमिनीत रोवील. हे सगळं डोळ्यांनी दिसलं की इस्तारी बांबू उचलतो. फोनवर नाही.

हा नियम त्याला कोणी शिकवलेला नाही. दोन हजार अकरा साली सिंदेवाहीच्या बाजूला त्याचा जोडीदार लटारू ट्रेलरवरच्या ट्रान्सफॉर्मरवर बसलेला होता. शटडाऊन मिळालं, लाइन बंद झाली, असं खालून कोणीतरी फोन कानाला लावून सांगितलं. लटारूनं तार उचलली. सहा वर्षांत त्याच्या हातून एकही तार निसटली नव्हती. त्याच्या मृत्यूच्या चौकशीच्या कागदावर ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’ असं लिहून आलं. फोन कानाला लावणाऱ्याचं नाव त्या कागदात नव्हतं.

तर खैरटोल्याला रस्त्यावरून तारांच्या दोन ओळी जातात, दहा पावलांच्या अंतरानं. पहिली गावाला वीज नेते, दुसरी शेतातल्या मोटारपंपांना. दोन्ही वेगवेगळ्या फीडरवर, म्हणजे एक बंद केली तरी दुसरी चालूच. जानेवारीत मार्गाची पाहणी झाली तेव्हा जीपवर मापाचा बांबू बांधून इस्तारीच उभा होता. त्यानं दोन्ही ओळींची उंची मोजून ओरडून सांगितली होती, पहिली सहा मीटर साठ, दुसरी सहा मीटर वीस. काचा लावलेल्या जीपमध्ये बसून इंजिनिअर लॅपटॉपवर टिपत होता. अहवालात दोन ओळींची एक झाली. उंची दुसरीची लिहिली, नाव गावाच्या फीडरचं. अहवालावर इंजिनिअरची सही आहे. शटडाऊनचा अर्ज त्या अहवालावरूनच गेला.

हे इस्तारीला ठाऊक नव्हतं. अहवाल इंग्रजीत होता आणि त्याला कोणी दाखवला नव्हता. पण वरून त्याला बांधापलीकडचं उन्हाळी धान दिसत होतं आणि धानाच्या वरच्या बांधीत पाइपातून पाणी पडत होतं.

त्यानं बांबू आडवा धरला. थांबण्याची खूण. ट्रेलर पहिल्या तारेच्या तीस पावलं अलीकडे उभा राहिला.

सुरेंद्र, कंपनीचा साइट इनचार्ज, पायलट गाडीतून उतरून आला. वय चौतीस, नागपूरचा. सगळी गँग इस्तारीला भाऊ म्हणते. सुरेंद्र नुसतं नाव घेतो आणि अरे-तुरे करतो. काय झालं, त्यानं विचारलं. लाइन बंद झाली का, इस्तारीनं वरूनच विचारलं. सुरेंद्रनं चहाच्या टपरीकडे बोट केलं. टपरीतला पंखा थांबला होता. लाइनमनचा फोनही येऊन गेला होता, गावाचं फीडर बंद केलं म्हणून. लाइनमन संघपाल तीन किलोमीटरवर स्विचजवळ उभा होता. कोणी परत सुरू करू नये म्हणून राखण करत. दोन गावांमिळून माणूस एकच.

इस्तारी शिडीनं खाली उतरला, रस्ता ओलांडला आणि बांधावर जाऊन धानात पाणी वळवणाऱ्या बाईला विचारलं, मोटर डिझेलची का करंटची.

“डिझेल कोन पोसते, बाप्पा,” रुखमा म्हणाली. “करंटचीच हाय. या हप्त्यात चार वाजेपावतर लाइन रायते आमची.”

तो परत आला आणि त्यानं सुरेंद्रला सांगितलं की मागची तार जिवंत आहे. संघपालला बोलवा, तो टेस्टर लावील, मग चढतो.

सुरेंद्रला ते पटलं नाही. अहवालात या ठिकाणी एकच लाइन होती आणि ती बंद होती. शटडाऊन फक्त अर्ध्या तासाचं, लाइनमन येईपर्यंत त्यातला निम्मा जाईल, ट्रेलर चारच्या आत ब्रह्मपुरीजवळ पोचला नाही तर पोलिसांची परवानगी संपेल. हे सगळं तो ओळीनं बोलला. मग म्हणाला, “शेतातल्या बाईला विचारून मी ट्रेलर चालवू का? तुला जमत नसेल तर बाजूला हो. हरिदास, चढ.”

हरिदासनं बांबू घेतला आणि तो शिडीच्या तिसऱ्या पायरीवर गेला.

“हरिदास, खाली ये,” इस्तारी म्हणाला.

“साहेब म्हनून राह्यले ना, भाऊ.”

“साहेब म्हनून राह्यले. चढून कोन राह्यलं?”

हरिदास तिथेच थांबला. त्यानं वर बघितलं, खाली बघितलं. मग उतरला. इस्तारीनं शिडीचे हूक काढले, शिडी रस्त्यावर आडवी केली आणि तिच्यावर बसला.

पुढचा पाऊण तास सुरेंद्र नागपूरच्या कार्यालयाशी बोलत होता. लाइनमनला फोन करायला जेवढा वेळ लागतो त्याच्या वीसपट वेळ. कार्यालयानं सांगितलं, दुसरा माणूस घ्या. टपरीवरच्या दोघांना विचारून झालं. त्यांनी शिडीवर बसलेल्या इस्तारीकडे पाहिलं, धानात पडणाऱ्या पाण्याकडे पाहिलं आणि चहा संपायचा आहे असं सांगितलं. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली. एक बस ड्रायव्हर पाय मोकळे करत पुढपर्यंत आला आणि एवढी मोठी वरात काऊन अडवून ठेवली, नवरदेव रुसला का, असं त्यानं विचारलं.

“वरात नाई, भाऊ,” इस्तारी म्हणाला. “मयत थांबवून राह्यलो.”

ड्रायव्हरनं स्वतःच लाइनमनचा नंबर टपरीवाल्याकडून घेतला आणि फोन लावला.

गावाच्या फीडरचं शटडाऊन वाढवून घेऊन आणि स्विचला कुलूप घालून संघपाल रामटेके एक वाजून दहा मिनिटांनी मोटरसायकलवर आला. त्यानं कोणाशी न बोलता टेस्टरची लांब काठी जोडली. पहिल्या तारेजवळ नेली. टेस्टर गप्प राहिला. दहा पावलं पुढे जाऊन दुसऱ्या तारेजवळ नेली. टेस्टर वाजायला लागला आणि काठी मागे घेईपर्यंत वाजत राहिला. टपरीपर्यंत ऐकू गेलं.

सुरेंद्रनं संघपालला विचारलं की हे असं कसं.

“साहेब, तुमच्या अर्जात एकच फीडर हाय,” संघपाल म्हणाला. “मी तेच बंद केलं. दुसरं मले काय सपनात दिसनार होतं?”

त्यानं पंपाच्या फीडरचं शटडाऊन मागितलं. ते यायला पन्नास मिनिटं लागली. रुखमाच्या बांधीतलं पाणी थांबलं. टेस्टर पुन्हा लावला गेला, साखळी पडली, इस्तारीनं शिडी उचलून जागेवर लावली आणि दोघं वर गेले. दोन्ही ओळींखालून ड्रम निघायला अकरा मिनिटं लागली. सव्वादोन वाजले होते. सुरेंद्रनं या सगळ्यात एकच वाक्य उच्चारलं: चला, आता तरी आटपा.

ब्रह्मपुरी त्या दिवशी गाठणं शक्य नव्हतं. खैरटोल्याच्या पुढे शाळेच्या मैदानालगत ट्रेलर उभा करायचं ठरलं. चाकांना ओंडके लावून होतायत तोच हरिदासच्या फोनवर कामाच्या ग्रुपचा संदेश आला. सुरेंद्रचा दिवसाचा अहवाल. हरिदासनं तो मोठ्यानं वाचला: स्थानिक मजुराच्या असहकारामुळे दोन तास पन्नास मिनिटं विलंब. माल सुरक्षित.

इस्तारीनं त्याला आणखी एकदा वाचायला लावलं. मग तो पायलट गाडीकडे गेला.

“लाइन चालू होती, ते लिहा,” तो सुरेंद्रला म्हणाला.

सुरेंद्र समजावणीच्या सुरात बोलला. ती तांत्रिक बाब आहे, दिवसाच्या अहवालात तसा रकाना नसतो, आणि काही झालं तर नाही ना. तुझ्या पुढच्या कामावर याचा परिणाम होणार नाही, हेही त्यानं सांगितलं. इस्तारीनं ऐकून घेतलं. आपल्याला काय होईल हे त्यानं विचारलंच नव्हतं. हरिदास तिसऱ्या पायरीवर होता, आणि तो वर गेला असता तर उद्याच्या कागदावर कोणाचा निष्काळजीपणा लिहिला गेला असता हे त्याला तोंडपाठ होतं.

संघपाल साखळी गुंडाळत होता. त्याच्या डिकीत लाइनमनची नोंदवही असते. कोणतं फीडर किती वाजता बंद केलं, किती वाजता चालू केलं. इस्तारीनं त्याला त्यात लिहायला सांगितलं. संघपाल बराच वेळ पेनाचं टोपण काढून घालत राहिला. अर्ज कोणी कसाही केला असो, वरून विचारणा त्यालाच होणार होती. मग त्यानं मोटरसायकलच्या सीटवर वही ठेवून लिहिलं: खैरटोला रस्ता, पंप फीडर, दुपारी एक चौदा वाजता तपासणी, लाइन चालू आढळली, तोपर्यंत अर्जात उल्लेख नाही. खाली सही केली. इस्तारीनं सही केली. वही परत डिकीत जाण्याआधी हरिदासनं ती हातात घेतली, साक्षीदार म्हणून आपलं नाव लिहिलं, पानाचा फोटो काढला आणि सुरेंद्रच्या अहवालाच्या बरोबर खाली त्याच ग्रुपवर टाकला.

सुरेंद्रचा अहवाल ग्रुपवर आहे तसाच आहे. पाच वाजता मात्र नागपूरहून उद्याच्या शटडाऊनचे अर्ज नव्यानं निघाले. इंजिनिअरनं फोन करून प्रत्येक ठिकाणी तारांच्या ओळी किती, हे हरिदासमार्फत इस्तारीला विचारून घेतलं. यादी सांगायला चाळीस मिनिटं लागली. यादीवर सही इंजिनिअरची आहे.

ट्रेलर उद्या सकाळी सहा वाजता मैदानाजवळून निघेल. ब्रह्मपुरीपर्यंत रस्त्यावरून एकोणीस ठिकाणी तारा जातात. पहिल्या ठिकाणचं शटडाऊन सहा चाळीस ते सात दहा आहे, दोन्ही फीडरचं, आणि संघपाल टेस्टर घेऊन साडेसहाला तिथे उभा असेल.