अकरा पौंडांची स्प्रिंग

टेंभुर्णीच्या राजानंद गुरुजींची दीपमाला जालन्याला पोलिसात भरती झाली आणि वर्षभरातच नेमबाजीच्या संघात गेली. हात स्थिर, श्वास शांत. पदकं मिळू लागली तशी तिची आई बेबीनंदा ती बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर मांडून ठेवू लागली.

मग शहागडचा अपघात झाला. दीपमाला तिथं बंदोबस्ताला होती. महामार्गावर ट्रक उलटला आणि तिनं केबिनचा फाटलेला पत्रा दोन्ही हातांनी ओढून चालकाला बाहेर काढलं. चालक वाचला. पत्रा मात्र तिच्या उजव्या तर्जनीच्या मुळाशी खोल घुसला. टाके पडले, जखम भरली, बोट वाकायलाही लागलं. पण वीस-पंचवीस गोळ्या झाडल्या की ते बधिर व्हायचं. आपण पिस्तुलाचा चाप ओढतोय की नुसतंच बोट टेकवून उभ्या आहोत, हे तिला कळेनासं व्हायचं.

तिनं हे कुणालाच सांगितलं नाही. राज्य स्पर्धा तोंडावर आली होती. बोटाचं कळलं असतं तर संघातून नाव गेलं असतं, आणि एकदा गेलेलं नाव परत येतं असं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

शस्त्रागार गोरक्षनाथ हवालदारांकडे होतं. माणूस हसनाबादचा, धनगराच्या घरातला. बापानं मेंढरं राखली, मी पिस्तुलं राखतो, असं ते हसून सांगायचे.

"काका, चाप लई जड लागून राह्यला," दीपमाला म्हणाली. "स्प्रिंग बदलून द्या ना."

"इतके दिवस न्हाई लागला जड?"

"टायमात गोळ्या बसंना झाल्यात."

गोरक्षनाथांनी पिस्तूल उघडलं आणि घोड्यामागची मोठी स्प्रिंग काढून तिच्या तळहातावर ठेवली. "ही अठरा पौंडाची. तू चाप ओढती तेव्हा तुझं बोट हिलाच दाबत असतं. अन् घोडा काडतुसाच्या बुडावर आपटतो, तोबी हिच्याच जोरावर. हलकी टाकली की बोटाला आराम, पन माराचा जोरबी कमी. बुडातली दारू पेटवणारी टोपी कडक निघाली तर गोळी सुटत न्हाई. नुसतं टक् वाजतं."

त्यांनी आधी पंधरा पौंडांची बसवली, मग तेराची. तेराच्या स्प्रिंगवर दीपमाला बरी खेळली, पण सरावाच्या शेवटी बोट बधिर झालंच.

"याच्या खाली मी जात न्हाई," गोरक्षनाथ म्हणाले.

"एकदा अकराची टाकून तर बघा, काका."

तिच्या आग्रहाखातर त्यांनी टाकली. आणि सरावात एकही गोळी सुटायची राहिली नाही. चाप लोण्यासारखा यायचा. दीपमालाचे गुण चढत गेले, तिला रात्री झोप लागू लागली. गोरक्षनाथांना मात्र चैन पडेना.

"आपल्याकडचं काडतूस नरम टोपीचं हाय. तिकडं मैदानावर कोणतं देतील, कोणाला ठाव? जायच्या आधी तेराची टाकू."

"न्हाई काका. मला हीच जमतीय."

ते तिच्या हाताकडं बघत राहिले. "बोटाला काही झालंय का गं?"

"बिलकुल न्हाई," दीपमाला म्हणाली.

स्पर्धेत आयोजकांनी काडतुसांचे वेगळेच खोके वाटले. पहिल्या काही फैरी चांगल्या गेल्या. मग टक् असा आवाज आला आणि गोळी सुटलीच नाही. तिनं हात वर केला. पंचांनी काडतूस काढून पाहिलं. टोपीवर घोड्याची पुसट खूण होती. अशी गोळी पुन्हा झाडायची माफी एका टप्प्यात एकदाच मिळते, ती मिळाली. पण आता प्रत्येक गोळीला तिचे कान त्या आवाजाची वाट बघू लागले. तो पुन्हा आला, आणि त्यानंतर आणखी एकदा. माफी संपली होती. दोन्ही वेळा शून्य.

पदकाच्या जागेवरचा संघ खाली घसरला. तिची जोडीदार संध्या त्या दिवशी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं खेळली होती. सामान भरताना संध्यानं एवढंच विचारलं, "तुला म्हाईत होतं का, असं होऊ शकतं म्हणून?"

दीपमालानं पिस्तुलाची पेटी उचलली आणि ती गाडीकडं निघाली.

जालन्याला परतल्यावर साहेबांनी पिस्तूल तपासून घेतलं आणि विचारलं, स्प्रिंग कुणी बदलली? गोरक्षनाथ म्हणाले, "मी, साहेब." शस्त्रागाराच्या चाव्या त्यांच्याकडून काढून घेतल्या आणि निवृत्तीला थोडे महिने उरलेल्या त्या माणसाला गेटवर पहाऱ्याला उभं केलं. चौकशी लागली ती वेगळीच.

दीपमाला गेटवर गेली. "मीच मागितली होती, हे का न्हाई सांगितलं?"

"मागितली तू, पन बसवली मी. अन् तुझं बोट ठीक न्हाई हे मला दिसत होतं. मी इचारलं, तू न्हाई म्हणली, अन् मी सोडून देल्लं. माझं काम सोडून द्यायचं नव्हतं."

रजा काढून ती टेंभुर्णीला आली. जेवताना तिच्या हातातली भाकरी नुसतीच तशी राहिलेली बेबीनंदानं पाहिली आणि तिच्याकडून सगळं वदवून घेतलं. मग लेकीला डोळे मिटायला लावून तिचं बोट हातात घेतलं.

"इथं कळतंय का?"

"न्हाई."

"अन् इथं?"

"कुठं, आई?"

बेबीनंदा म्हणाली, "ट्रकवाल्याला काढलं ते मी साऱ्या गावाला सांगत फिरले. अन् हे तू मलाबी न्हाई सांगितलं. जाय, साहेबाला सांग. त्या माणसाला गेटवर उभं ठिवू नको."

तिनं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "आधी बोलली असतीस तर तुला रजा दिली असती, तुझ्या जागी दुसरी गेली असती. संध्याचं पदक गेलं नसतं," ते म्हणाले. त्यात रागावणं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं.

गोरक्षनाथांना चाव्या परत मिळाल्या, पण ठपका कागदावर राहिला आणि तो घेऊनच ते निवृत्त झाले. दीपमालाचं नाव संघातून गेलं. संभाजीनगरला नसेचं ऑपरेशन झालं. उशीर झालाय, निम्मीच संवेदना येईल, असं डॉक्टर म्हणाले, आणि तसंच झालं.

आता ती कार्यालयात काम करते आणि सकाळी डाव्या हातानं सराव करते. स्प्रिंग पंधराची आहे. काडतुसाचा नवा खोका आला की आधी त्यातली मूठभर झाडून बघते. यंदाच्या निवडीत ती बसली नाही. संध्या बसली. ती दीपमालाशी कामापुरतंच बोलते.

परवा दोघी शेजारी-शेजारी उभ्या होत्या. फैर संपल्यावर संध्या पिस्तूल खाली ठेवत, लक्ष्याकडंच बघत म्हणाली, "डावा खांदा वर उचलून राह्यली तू."

"किती?"

"लई."

दीपमालानं खांदा खाली घेतला.