पाइप लावून आवळलेली चाकं

टायरच्या दुकानात ज्या माणसाला मी मारलं, त्याची नोकरी त्याच दिवशी गेली. ती परत मिळणार की नाही, हे पुढे नऊ दिवस माझ्या तोंडावर अवलंबून होतं. पहिले दोन दिवस मला हे माहीत नव्हतं. उरलेले सात दिवस माहीत होतं. ते सात दिवस गाळून बाकीचं लिहायचं असेल तर न लिहिलेलं बरं.

सुरुवात टायरपासूनच करावी लागेल.

माझं काम नव्या रस्त्यांच्या सर्व्हेचं. बाग सेवनियातल्या घरून सकाळी निघायचं, मुलीला शाळेत सोडायचं, मग रायसेनच्या बाजूला तीस-बत्तीस किलोमीटर डांबरी आणि शेवटचे चार किलोमीटर मुरूम, काळी माती आणि फोडलेला दगड. गाडी फोर-बाय-फोर, पण हौसेची नाही, रोजची. कंपनीकडून आलेले टायर हायवेचे होते: आवाज नाही, धक्का नाही, आणि बाजू वहीच्या पुठ्ठ्यासारखी. त्या पुठ्ठ्याने मला मार खायला लावला. आमच्या खुणेचे दांडके ज्यांच्या जमिनीत रोवले गेले होते ते पाच-सहा जण लाठ्या घेऊन आले. मी गाडी खडीच्या ढिगावरून काढली, टोकदार दगडाने पुढच्या टायरची बाजू वीतभर फाटली आणि गाडी तिथेच बसली. आधी काच फुटली, मग मला कॉलर धरून बाहेर ओढलं. डोक्यात सात टाके पडले. डाव्या हाताची करंगळी अजून सरळ होत नाही. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, कशाने लागलं? मी म्हटलं, टायरने.

तेव्हा ऑल-टेरेन टायर घ्यायचे हे ठरलं. कोणते, ते ठरायला महिना गेला. कोलार रोडला राहणारा एक सहकारी म्हणाला, थेट चिखलाचे घे, मोठ्या दातांचे, गाडी वाघासारखी दिसते. त्याची गाडी मी चालवून पाहिली. सिमेंटच्या रस्त्यावर ते टायर पिठाच्या गिरणीसारखे ओरडत होते, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायचा विचार करत होती. मला रोज दहातले नऊ किलोमीटर डांबरावर जायचे, त्यातले काही मुलीला घेऊन. मी कागदावर मांडलं. माप कंपनीचंच ठेवायचं, एक इंचही मोठं नाही, नाहीतर स्टिअरिंग वळवलं की टायर आत घासतो. बाजूचे थर तीन हवेत. वजन पेलायचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको. दात मध्यम, म्हणजे काळी माती त्यात अडकून राहत नाही, फिरता फिरता फेकली जाते. थोडा आवाज येणार, थोडं डिझेल जास्त जाणार, ते मान्य. आणि टायर कोणत्या आठवड्यात बनला ते बाजूवर चार आकड्यांत लिहिलेलं असतं, ते वाचून घ्यायचं. जुना माल नको.

मी हे सगळं करू शकतो याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात पाय ठेवणारा मी पहिला. बाबा पिपलानीच्या कारखान्यात फिटर होते. महाराष्ट्रातून आले, क्वार्टर मिळालं, तिथेच मी वाढलो. गणितात मार्क कमी पडले की बाबा मशीनच्या जुन्या पट्ट्याने मारायचे. विणलेला पट्टा, त्याची जाळी पाठीवर उमटायची. शेजारचे खिडकी लावून घ्यायचे, कारण त्यांच्याकडेही थोड्या वेळाने तेच असायचं. मी इंजिनिअर झालो तेव्हा बाबांनी अख्ख्या लाइनीत पेढे वाटले आणि म्हणाले, "पट्ट्याने केलं." मला तेव्हा ते खरंच वाटलं होतं.

टायर बसवायला बाबा बरोबर आले. सत्तर ओलांडलेले, आता आमच्याकडेच राहतात. दुकानातला कारागीर पंचेचाळिशीचा, मितभाषी. टायर रिमवर चढला की आत हवेने ठो करून आवाज होतो, माणूस दचकतो. तो दचकला नाही. नट त्याने हाताने लावले आणि शेवटी टॉर्क रेंचने आवळले. ठरलेल्या जोराला रेंच टक् करतो, म्हणजे बस्स, पुढे नाही. आकडा मी स्वतः वाचला. चोवीस नट, चोवीस टक्.

बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे काय खेळणं आहे? टक् झालं की सोडतो. आमच्याकडे असा आवळला असता तर फोरमनने कानाखाली काढली असती."

"बाबा, गाडीचा नट आहे. टर्बाइनचा नाही."

"नट म्हणजे नट."

घरी आल्यावर त्यांनी कुठून तरी चार फुटी लोखंडी पाइप आणला. पान्ह्याच्या दांड्यावर पाइप चढवला आणि त्यावर उभे राहून, उडी मारून, एकेक नट आवळला. कारखान्यात मनगटाएवढे बोल्ट असेच आवळले जात. तीस वर्षं त्यांनी तेच केलं आणि एकही मशीन सुटलं नाही. मी खुर्चीवर बसून चहा पीत पाहत होतो. थांबवलं नाही. उलट आतून बरंच वाटलं की या वयातही म्हाताऱ्यात एवढा जोर आहे. तीन चाकं झाली. चौथं, मागचं डावं, भिंतीला लागून होतं, तिथे पाइप फिरेना. बाबा म्हणाले, "राहू दे, मागचं आहे."

आठव्या दिवशी सकाळी होशंगाबाद रोडवर पुढचं डावं चाक निखळलं. आधी स्टिअरिंग थरथरलं, मग गाडी त्या कोपऱ्यावर आदळली आणि लोखंड रस्त्याला घासत गेली. चाक आमच्या पुढे उड्या मारत गेलं, दुभाजक ओलांडून एका उभ्या स्कूटरला लागलं आणि स्कूटर मोडून पडली. तिच्यावर कोणी बसलेलं नव्हतं. मुलगी माझ्या शेजारी होती. तिचं तोंड डॅशबोर्डवर आपटलं, पुढचे दोन दात तुटले. रक्त तिच्या शाळेच्या टायवरून वाहत होतं आणि ती रडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती.

तिचा दवाखाना आणि गाडी गॅरेजात ओढून नेणं, यात दिवस गेला. मग तिला बायकोच्या स्वाधीन केलं आणि बाबांना घेऊन रिक्षाने तडक दुकान गाठलं. संध्याकाळचे सहा, गर्दीची वेळ. समोर चहाची टपरी, दहा-बारा माणसं. कारागीर खाली बसून एक चाक खोलत होता. मी त्याला काही विचारलं नाही. कानावर ठेवून दिली. तो एका हातावर पडला.

"साब, मैंने बराबर कसा था," तो म्हणाला. "आप खुद खड़े थे. बाद में किसी ने छेड़ा है."

तो खरं बोलत होता. मी त्याला आणखी मारलं. त्याच कानावर दोनदा, मग पोटात लाथ. तो उठला नाही, हात वर धरून बसला. बाबा मागून म्हणाले, "अजून एक दे." मी दिली. मालक धावत आला, माझे पाय धरायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि सगळ्यांदेखत कारागिराला म्हणाला, "निकल. कल से शकल मत दिखाना." टपरीवरच्या एकाने टाळी वाजवली. घरी येताना माझा हात ठणकत होता आणि मला चांगलं वाटत होतं.

दोन दिवसांनी गॅरेजवाल्याने फोन केला, सर, येऊन बघा. त्याने चारही चाकं काढून ठेवली होती. नट ज्या खिळ्यांवर बसतात त्यांना स्टड म्हणतात, एका चाकाला सहा. पुढच्या डाव्याचे चार तुटले होते. उरलेल्या दोघांची कंबर मध्येच बारीक झाली होती, आटे ताणून लांब झाले होते. ते काय असतं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला मशीनमध्ये लोखंडी सळई ओढून तोडायला लावतात. तुटायच्या आधी ती अशीच बारीक होते. उजव्या दोन्ही चाकांचे स्टड तसेच. मागच्या डाव्याचे सहाच्या सहा सरळ, काढलेले नट आट्यांवर पुन्हा हाताने सहज फिरत होते. ज्या चाकाला पाइप लागला नाही, ते एकटं शाबूत होतं.

"दुकान वालों ने ज्यादा कस दिया," गॅरेजवाला म्हणाला.

मी हो म्हटलं. हो म्हटलं आणि दोन स्टड खिशात घालून घरी आलो.

आता ते सात दिवस. मी कामावर गेलो, मुलीला दातांच्या डॉक्टरकडे नेलं, जेवलो, झोपलोही. त्यातल्या सहाव्या दिवशी कारागीर कुठे राहतो ते शोधून त्याच्या घरी गेलो. त्याच्या कानात कापूस होता. बायको दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. मी त्याला म्हटलं, चूक तुमची नव्हती, माझ्या वडिलांनी नंतर पाइप लावला होता, मला माफ करा.

 तो म्हणाला की चार दुकानं फिरलो, सगळीकडे एकच उत्तर, तूच ना तो, ज्याने बसवलेली चाकं निखळतात. "मारा तो दस आदमी के सामने था, साब. और माफी मेरी चौखट पे दोगे? वहीं चलो. उसी टाइम."

त्या रात्री जेवताना मी स्टड बाबांच्या ताटाशेजारी ठेवले आणि सगळं सांगितलं. त्यांनी एक स्टड उचलला, अंगठ्याने आटे चाचपले. त्यांना कळलं. फिटरला ते कळायला क्षणसुद्धा लागत नाही. मग ताट माझ्या अंगावर आलं. वरण छातीवर, आणि मागोमाग हात. दोन तोंडावर, एक मानेवर. चाळिशी ओलांडलेला मी, मान खाली घालून बसलो होतो.

"इंजिनिअर केला तो ह्याच्यासाठी? बापाचं काम तपासायला?"

"तुमचं काम नाही तपासत. त्या माणसाची भाकर गेली."

"तू मारलंस त्याला. मी नाही."

"तुम्ही म्हणालात अजून एक दे."

बायको मध्ये पडली आणि चौथा फटका तिच्या खांद्यावर बसला. ती ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "बाबा, आता बस झालं. पोरगी दारात उभी आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी निघालो तेव्हा बाबा आपणहून येऊन रिक्षात बसले. दुकानासमोर पोचल्यावर उतरले नाहीत. कारागीर ठरल्याप्रमाणे टपरीपाशी उभा होता, लोक तेवढेच होते, त्यातले काही तेच. मी मालकाला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं: याने बरोबर काम केलं होतं, घरी नट जास्त आवळले गेले, मी विनाकारण मारलं, याला परत घ्या. स्टड दाखवले.

मालक हसला. "सर, आप पढ़े-लिखे लोग हैं. गरीब पे दया आ गई. मैं समझता हूं." मग आवाज उतरवून म्हणाला, "लेकिन ग्राहक क्या समझेगा? पहिया निकला तो निकला."

मी पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा मान हलवली. माझी पदवी, ताणलेलं लोखंड, कशाचाच उपयोग होईना. सगळ्यांना मी दयाळू वाटत होतो. कारागीर माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या बघण्यात आशा संपत चालली होती.

मी रिक्षापाशी गेलो. "बाबा, उतरा."

"नाही."

मी त्यांचा दंड धरून ओढला. त्यांनी मला छातीवर ढकललं, मी पुन्हा ओढलं. रिक्षावाला इथल्या बोलीत म्हणाला, "को खां, बुड्ढे को क्यूं खींच रिये हो?" बाबांनी त्याच्यावरही हात उगारला. मग स्वतःच उतरले, शर्ट नीट केला आणि मालकासमोर जाऊन उभे राहिले.

"पाइप मैंने लगाया," ते म्हणाले. "चार फुट का. ऊपर खड़ा होके. तीस साल फिटर था मैं." मग कारागिराकडे बोट दाखवून म्हणाले, "इसका काम ठीक था. मेरा गलत था."

बाबांच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि मला वाटतं त्यांनीही नाही.  मालकाने बाबांच्या हातांकडे पाहिलं, जाड, तुटक्या नखांचे हात, आणि त्याला विश्वास बसला. तो कारागिराला म्हणाला, "चल, कल से आ जा."

"आज से," कारागीर म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "चश्मा उतारो, साब."

मी चष्मा काढला. त्याने मारलं. एकच, पण पूर्ण खांद्यातून. माझा ओठ दातांवर फाटला, कानात शिट्टी वाजू लागली. बाबा मूठ वळून त्याच्यावर धावले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं मनगट पकडलं. त्यांनी हिसके दिले. मी जोर लावून धरून ठेवलं. कारागीर आमच्याकडे न बघता आत गेला, शर्ट बदलून आला आणि रांगेतल्या पहिल्या गाडीखाली जॅक लावला.

मनगट सोडलं तेव्हा त्यावर माझी पाचही बोटं उमटली होती. बाबांनी बाही खाली ओढली आणि रिक्षात जाऊन बसले.