दिवाळी अंकाला हुंकार

भाऊबीज झाली की पुढचा महिना माझा असतो. लग्न होऊन भोरला आले त्या वर्षीच मी हे घरात जाहीर करून टाकलंय. मी घरी ब्लाउज शिवते. दिवाळीची शिलाई संपलेली असते, लग्नसराईची कापडं अजून यायची असतात, आणि नेमकी तेव्हाच आमच्या वाचनालयाची दिवाळी अंकांची योजना सुरू होते. वर्गणी भरायची, एक अंक परत द्यायचा, दुसरा आणायचा. दुपारची जेवणं उरकली की मी मशीनवर झाकण घालते, पाय वर घेऊन कॉटवर बसते आणि उन्हं उतरेपर्यंत कुणाशी बोलत नाही. माझे यजमान हनुमंत एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत. तेसुद्धा या महिन्यात चहा लागला तर स्वतः करून घेतात.

यंदा मी जेमतेम एक अंक वाचला. बाकीचे सगळे ऐकले, आणि तेही पोथीच्या चालीत.

याला कारण सोनबातात्या, म्हणजे ह्यांचे चुलते. गुंजवण्याचे. राजगडाच्या पायथ्याला त्यांची भाताची खाचरं. नदीकाठची चांगली जमीन धरणात गेली, वरची उरली. तात्या शाळेत फारसे टिकले नाहीत. अक्षर शिकले ते देवळात, पोथी वाचणाऱ्या एका बुवांच्या शेजारी बसून. त्यामुळे त्यांना मनातल्या मनात वाचता येतच नाही. डोळ्यांना अक्षर दिसलं की ते तोंडातून बाहेर पडलंच पाहिजे, आणि तेही हेल काढून. मग ते खताच्या गोणीवरचं असो नाहीतर बिस्किटाच्या पुड्यावरचं. एकदा आमच्या नव्या कुकरचं माहितीपत्रक त्यांनी अथपासून इतिपर्यंत म्हटलं आणि शेवटी हात जोडले. मी हसले तर दिवसभर रुसून बसले.

श्रावणात सगळी वाडी त्यांची पोथी ऐकायला जमते. तिकडचा रिवाज असा की ओवी संपली की ऐकणाऱ्यानं ‘हं’ म्हणायचं. हुंकार मिळाला म्हणजे ओवी पोचली. नाही मिळाला तर वाचणारा पुढं जात नाही, तीच ओवी पुन्हा म्हणतो. आणि हा हुंकार द्यायचा मान रतननानींचा, तात्यांच्या बायकोचा. नवी नवरी होत्या तेव्हापासून तात्यांनी जे जे वाचलं त्याला नानींनी भाकऱ्या थापता थापता, तांदूळ निवडता निवडता ‘हं’ म्हटलंय.

गणपती गेले आणि नानींना खाचरातच अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. पुण्याच्या दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, “त्यांना सगळं समजतंय, शब्द तेवढा बाहेर येत नाहीये. सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे. त्यांच्याशी बोलत राहा, वाचून दाखवा.” व्यायाम करून घेणाऱ्या बाई गुंजवण्यापर्यंत येईनात, म्हणून दोघं आमच्याकडे राहायला आले. भात कापणीला आलेलं, ते मुलाच्या, बंडूच्या गळ्यात टाकून आले. डॉक्टरीणबाईंचं बाकी सगळं बोलणं तात्या विसरले आणि ‘वाचून दाखवा’ एवढं धरून बसले.

घरातली पोथी दिवाळीपर्यंत वाचून झाली. नानी छताकडे बघत राहिल्या. नानी पुन्हा बोलतील की नाही, या एकाच काळजीत सगळं घर होतं. मीही होते. म्हणून वाचनालयातून आणलेला पहिला अंक मी आपण होऊन तात्यांच्या हातात ठेवला. तिथंच माझा महिना संपला.

पहिली निघाली रहस्यकथा. “इन्स्पेक्टरांनी दाऽर ढकललेऽऽ,” असा तात्यांनी हेल काढला आणि थांबले. नानींच्या तोंडाकडे बघत बसले. हुंकार नाही. “इन्स्पेक्टरांनी दाऽर ढकललेऽऽ.” पुन्हा थांबले. असं दार ढकलून ढकलून मोडायची वेळ आली. मी आत भाजी चिरत होते आणि मला त्या दारापलीकडचं प्रेत बघायची घाई झाली होती. तात्यांना शेवटी नाइलाजानं पुढं जावं लागे, पण प्रत्येक वाक्याला दोनतीनदा विचारून. खून मेव्हण्यानं केला हे कळायला शनिवार उजाडला. तोवर मेलेल्या माणसाचं नावही मी विसरले होते.

मग कविता आली. एकेका ओळीत दोन दोन शब्द. ‘काचेवर’. थांबा. ‘ओघळणारी’. थांबा. ‘मी’. या ‘मी’पाशी तर ते इतका वेळ थांबले की माझ्या पोळ्या झाल्या, भात झाला, कुकर थंड झाला. तात्या म्हणाले, “सूनबाई, ह्यो मानूस लिवता लिवता उठून कुठं जातोय गं?”

प्रवासवर्णन आलं, नॉर्वेचं. “एवढा पैका घालून बरफ बगाया गेला?” असं म्हणत त्यांनी ते दोनदा वाचलं. शहरातल्या एका बाईची कथा आली. बाई पहिल्या पानापासून कॉफीचा मग घेऊन खिडकीत उभी. तात्यांच्या वाचनात ती दोन दिवस उभी होती. खरं सांगायचं तर अशा कथा मी वर्षानुवर्षं आवडीनं वाचत आले. पण एकेक वाक्य तीन तीनदा कानावर पडायला लागलं आणि माझ्या ध्यानात आलं की निम्म्या वाक्यांत काही नाहीच. मला माझा राग आला, लेखिकेचा आला, आणि तात्यांचा तर आलाच.

राशिभविष्य प्रत्येक अंकात असतंच. तात्या बाराही राशी वाचत, कुणाचा अपमान नको म्हणून. एका अंकात नानींच्या राशीला ‘या वर्षी वाणीवर संयम ठेवा’ असं निघालं. तात्यांनी अंक मिटला, माझ्यापुढं टाकला आणि म्हणाले, “ह्यो आत्ताच्या आत्ता माघारी देऊन ये.” मी चप्पल घालून वाचनालयात गेले. त्या अंकातली एक कादंबरिका मला वाचायची होती, ती राहिलीच.

व्हायचं ते त्यानंतरच्या मंगळवारी झालं. दारात एक बाई ब्लाउजचं माप द्यायला उभी, कढईत फोडणी करपायला आलेली, आणि बाहेरच्या खोलीत तात्या एका वाक्यावर अडलेले. “श्रीधरने फोऽन उचललाऽऽ.” हुंकार नाही. “श्रीधरने फोऽन उचललाऽऽ.” अरे, उचलला ना एकदाचा! बोल की आता! माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी आतून जोरात म्हटलं, “हं!”

तात्यांना कानानं थोडं कमी ऐकू येतं. आवाज आला एवढं कळतं, कुठून आला ते नाही.

 बाहेर असा आरडाओरडा झाला की माप द्यायला आलेली बाई दोन पायऱ्या खाली उतरली. मी गॅस बंद करून बाहेर येईतो तात्यांनी बंडूला फोन लावलाही होता. “बंड्या, तुजी आय बोलली रं! व्हय, व्हय, हुंकार दिला!” डोळ्यांतून पाणी चाललंय, हसतायत, एका हातानं नानींचा हात धरलाय. मी म्हणाले, “तात्या, अहो, ते...” पण ते ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. नानी माझ्याकडे बघत होत्या. डावा हात त्यांनी गादीवर आपटला. तात्यांना वाटलं, ती बी खुशीत हाय.

रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “मग सांग ना त्यांना.” जसं काही दूधवाला आला होता असंच सांगायचं होतं.

मी सांगायच्या आत सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. बंडू, त्याची बायको मंगल, शेजारच्या चार बाया. कापलेलं भात खाचरात तसंच टाकून आले होते. नवा तांदूळ आणला होता, नारळ आणला होता. सगळे नानींच्या कॉटभोवती बसले. तात्यांनी धुतलेला सदरा घातला, अंक उघडला आणि श्रीधरनं पुन्हा फोन उचलला.

सगळ्यांचे डोळे नानींच्या ओठांवर. तात्यांनी दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. मंगल म्हणाली, “आत्या, म्हना की, हं म्हना.” नानींनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मला ते बघवेना. मी म्हणाले, “नानी बोलल्या नाहीत. कालचा हुंकार मी दिला होता. आतून.”

 “वैनी, आमी कापनी टाकून आलो वो,” एवढंच बंडू म्हणाला. तात्या म्हणाले, “तू कशापायी दिलास?”

शरमेनं माझा जीव जात होता, पण तोंडातून निघाला तो संतापच. “कारण तुम्ही पुढं जात नव्हता! त्यांना बोलता येत नाहीये, तात्या. आणि तुम्ही त्यांना दिवसभर एकेका वाक्याला बोला, बोला करताय. मीसुद्धा वेडी व्हायची वेळ आली, त्यांचं काय होत असेल?”

 टेम्पो चहा न घेता परत गेला.

तात्या त्यानंतर ओट्यावर जाऊन बसायला लागले. अंकाला हात लावीनात. घरात इतकी शांतता झाली की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येऊ लागला. मी कशाला खोटं सांगू, पहिल्या दिवशी मी पाय वर घेऊन अख्खा अंक वाचला आणि मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी नानी जेवेनात. चमचा तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटत आणि दाराकडे बघत. व्यायामाच्या बाईंनाही त्यांनी हात लावू दिला नाही. मी पुन्हा चिडले. एकाला बोलायचं नाही, दुसऱ्याला वाचायचं नाही, आणि मधल्या मधे सगळं मी निस्तरायचं.

अंक घेऊन ओट्यावर गेले. “तात्या, उठा. वाचा.”

“हुंकाराबिगर?”

“हुंकाराशिवाय. थांबायचं नाही, वाट बघायची नाही. त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही. नुसतं वाचत सुटायचं.”

“आसं कुठं आस्तंय व्हय?”

“आमच्याकडे असतं.”

ते आले, नानींच्या उशाशी बसले आणि भिंतीकडे तोंड करून घाबरत घाबरत सुरू झाले. पहिल्या पानावर दर वाक्याला अडखळले. दुसऱ्या पानावर कमी. मग त्यांना वेग सापडला. मी काय करून बसले ते मला त्या संध्याकाळी कळलं. आत्तापर्यंत निदान मधे मधे शांतता तरी होती! आता तात्यांना थांबवणारं काहीच उरलं नव्हतं. कथा संपली की लेख, लेख संपला की सराफाची जाहिरात, घडणावळीवरची सवलत, दुकानाचा पत्ता, शाखा कुठंही नाही. मुद्रकाचं नावसुद्धा त्यांनी हेल काढून म्हटलं. मी भांडी घासत होते आणि ते वाचत होते, मी झोपायला गेले आणि ते वाचत होते. नानी मात्र जेवल्या. दुसऱ्या दिवशी व्यायामही केला. त्यामुळे मला तोंड उघडायची सोय राहिली नाही.

रविवारी दुपारी नानींचं जेवण झालं होतं, औषध झालं होतं, डोळे जड झाले होते. तात्यांनी सगळ्यात जाडजूड अंक काढला आणि सहकारी चळवळीच्या भवितव्यावरचा लेख घेतला. लेख संपेना. तळटीपा आल्या, त्याही त्यांनी घेतल्या. मी नानींना पांघरूण घालायला कॉटपाशी उभी होते. नानींच्या कपाळाला आठी पडली. ओठ हलले, वाकडे झाले, पुन्हा हलले. मान थोडी वर आली.

“गप.”

जाड, घोगरा आवाज, पण शब्द स्वच्छ होता. तात्या अर्ध्या तळटीपेवर थांबले. आधी त्यांनी नानींकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हातांनी माझं तोंड दाबून धरलं होतं.

“तू न्हाईस ना?” त्यांनी विचारलं.

मी नुसती ‘नाही’ अशी मान हलवली. तोंडावरचे हात काढायची मला भीती वाटत होती.

“गऽप,” नानी पुन्हा म्हणाल्या, या वेळी वैतागून.

तात्यांच्या मांडीवरचा अंक खाली पडला. त्यांनी नानींचा हात दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला. “बसलो गं. गप बसलो. बग, गप बसलो का न्हाई? आता तू म्हनशील तवाच, एक शब्द न्हाई, ह्यो बग बसलो गप, तुज्या गळ्याची आन, गपच हाय मी...” ते रडत होते आणि बोलत होते, बोलत होते आणि रडत होते, आणि नानींना तिसऱ्यांदा सांगावं लागलं.