अब्बांचं बोट आणि तीन गिअरची गाडी

आधीच सांगते, ताईत-गंडे, बाहेरची बाधा, यातलं काहीही मी मानत नाही. आजही नाही. तेव्हा 'कुणाला तरी दाखवून घ्या' असले सल्ले कमेंटमध्ये देऊ नयेत. मी मेकॅनिक आहे. खडकीत आमचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं गॅरेज आहे, अब्बांनी उभं केलेलं. घर कसबा पेठेत.

गेल्या वर्षी अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. नजर सतत छताला. डाव्या हाताचं एक बोट तेवढं मधूनच पलंगाच्या कडेवर आपटायचं. डॉक्टर म्हणाले, ती आपोआप होणारी हालचाल आहे, त्यांना काही समजत नाही. माझा धाकटा भाऊ इम्रान खराडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. अब्बांना शुश्रूषा केंद्रात ठेवू, असं तो धरूनच बसला होता. आणि हे तो त्यांच्या उशाशी उभा राहून बोलायचा... त्यांना सगळं समजतं म्हणून मीही तिथेच भांडायचे.

एका रविवारी सकाळी अकराला मी गिऱ्हाइकाची जुनी गाडी ट्रायलला काढली. तीन गिअरची ऑटोमॅटिक. तक्रार एकच – "अहो, सिग्नलला रिक्षासुद्धा मला मागे टाकते!" अशा गाडीत एक केबल असते. ती ताणली की गिअर उशिरा बदलतो, इंजिन जास्त ओढतं, पिकअप वाढतो. फार ताणली की नुसता आरडाओरडा, गाडी जागच्या जागी. अब्बा हे कधी मीटर बघून लावत नसत. मी चालवायचे, ते शेजारी डोळे मिटून बसायचे आणि गिअर जिथे बदलायला हवा तिथे डॅशबोर्डवर बोट आपटायचे.

आता केबल मी अंदाजाने ताणली होती आणि शेजारी कुणी नव्हतं, म्हणून मी मोबाइलवर टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा, व्हिडिओ घेत होते. गिअर बदलला की त्याचा काटा झपकन खाली येतो. चार फेऱ्या मारल्या; तीन गिअर म्हणजे फेरीला दोन बदल. तिसऱ्या फेरीत लष्कराचा ट्रक आडवा आला, दुसरा गिअर पडल्या पडल्या ब्रेक मारावा लागला.

घरी आले तर इम्रान फोन घेऊन तयार.

"आपा, हे बघ. डॉक्टरांना दाखवायला शूट केलंय. अकरापासून बोट चालू आहे. याला तू समजणं म्हणतेस?"

मी बघितलं. दोन ठोके. मग बराच वेळ शांत. पुन्हा दोन. शांत. मग एकच. शेवटी परत दोन. माझ्या चार फेऱ्यांचे गिअर अगदी असेच बदलले होते.

"लॅपटॉप काढ," मी म्हटलं.

दोन्ही व्हिडिओ त्यानेच शेजारी-शेजारी लावले, घड्याळ जुळवून. दर वेळी ठोका आधी, काटा नंतर. दीडएक सेकंदाचं अंतर. म्हणजे गिअर उशिरा पडत होता, केबल मी जास्त ताणली होती!

दुपारी ती दोन आटे सैल केली आणि पुन्हा शूटिंग – मी गाडीत, इम्रान घरी. या वेळी ठोका आणि काटा एकदम. गाडी अशी सुटली की गिऱ्हाईक तक्रार विसरलं.

"योगायोग," इम्रान म्हणाला.

"असेल. तुझ्या योगायोगाला गिअर कळतो, एवढंच."

तो हसला नाही. हळूच म्हणाला, "आपा... म्हणजे इतके महिने मी इथे उभं राहून जे बोललो, ते सगळं..."

खडकी ते कसबा पेठ, मध्ये पाच-सहा किलोमीटरचं अंतर. फोन चालू नव्हता. सकाळी मी ट्रायलचं कुणाला सांगितलंही नव्हतं. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. नसू दे. अब्बा घरीच आहेत आणि घरीच राहणार, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

इम्रान अजूनही योगायोगच म्हणतो. मग त्या संध्याकाळी अब्बांच्या पायाशी बसून तो तासभर माफी कुणाची मागत होता?