थंड पाण्यातले मांगूर

पुंजारामला तळ्याची ओढ लहानपणापासूनच. गाव सिल्लोडच्या अलीकडं, शेती भावाकडं, आणि तो स्वतः बजाजनगरात खोली घेऊन वाळूजच्या एका कारखान्यात पंप सांभाळायचा. सुट्टी मिळाली की एसटी धरून गावी जायचा आणि घरी पिशवी टेकवून थेट तळ्यावर. तिथं बन्सी भोई भेटायचा. तळं बन्सीनं मासेमारीला घेतलेलं होतं. दोघं एकाच शाळेतले. बन्सी जाळं टाकायचा, पुंजाराम गळ घेऊन बाभळीखाली बसायचा, आणि दोघांना तासन्‌तास बोलावंसं वाटायचं नाही.

त्या वर्षी पाऊस दणकून झाला. ओढ्याच्या वरच्या अंगाला कुणीतरी शेततळ्यात चोरून परदेशी मांगूर मासा पाळला होता. बाकीची मासळी खाऊन फस्त करतो म्हणून त्याला सरकारची बंदी आहे. शेततळं भरून वाहिलं आणि मांगूर ओढ्यानं गावच्या तळ्यात उतरला. हिवाळ्यात बन्सीच्या जाळ्यात मिशावाले काळे मासे यायला लागले, तसा तो घाबरला. मारून टाकू म्हणाला. पुंजारामनं दोन-चार मासे चिरून पाहिले. पोटं रिकामी होती. गाळात लोळून पडणारा, हात लावला तरी सावकाश सरकणारा मासा तो. पुंजाराम म्हणाला, हे बिचारे काही खातच नाहीत, राहू दे. बन्सीनं त्याचं ऐकलं.

चैत्रात ऊन तापलं. तळं आटून निम्मं झालं, काठाचं पाणी हाताला कोमट लागायला लागलं. एरवी काठाकाठानं चकाकणारी बारकी मासळी दिसेना. मरळीची पिल्लं दिसेनात. झिंगे संपले, बेडकांची पिल्लं संपली, आणि खायला काही नाही म्हणून बगळेही दुसरीकडं गेले. बन्सीच्या जाळ्यात येत होते ते फक्त मांगूर, हाताएवढे जाड झालेले. आता त्यांची पोटं ठासून भरलेली होती. पुंजाराम तळ्यावर आला की बन्सी जाळं गोळा करून घरी जायचा.

पुंजारामला ते लई लागलं. खोलीवर जेवताना तो मध्येच थांबायचा. बायको द्वारकाबाई म्हणायची की तळ्यात मासे सोडले दुसऱ्यानं, तुम्ही कशाला जीवाला लावून घेता. रिकामी पोटं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. मग तो चुकला कुठं, हेच त्याला उमगत नव्हतं.

उमगलं ते पुढच्या हिवाळ्यात, कामावर. कारखान्यातल्या यंत्रांचं गरम पाणी निवायला एका मोठ्या हौदात यायचं. डास होऊ नयेत म्हणून कुणीतरी त्यात तसलेच मांगूर आणून सोडले होते. सकाळी चांगलाच गारठा पडला होता आणि हौदावर वाफ तरंगत होती. पुंजारामनं डब्यातल्या भाकरीचा तुकडा टाकला. पाणी उकळावं तसे मासे त्यावर तुटून पडले. त्यानं पाण्यात बोटं घातली. आंघोळीला घ्यावं असं ऊन पाणी. तो हौदाच्या कडेवर बसून राहिला. मासा तोच होता. गावच्या तळ्यात थंडीनं त्याची भूक तेवढी झोपवली होती.

त्याच आठवड्यात तो गावी गेला. बन्सीच्या दारात उभा राहून त्यानं पाहिलेलं सगळं सांगितलं. गाळात सुस्त पडलेत तोवरच काढायला हवेत, पाणी तापलं की आवरायचे नाहीत, म्हणाला.

बन्सी जाळ्याची गाठ सोडवत होता. मान वर न करता म्हणाला, "मागल्या साली बी तूच सांगितलं होतं, पुंजा."

"व्हय. तवा मी नुसती पोटं बघितली. पाण्यात हात घातला नाय."

बन्सीनं उठून जाळ्याचं एक टोक पुंजारामच्या हातात दिलं.

तळं उपसून काढावं असं दोघांच्या मनात होतं, पण उन्हाळ्यात गुरांनी काय प्यायचं, असं गावानं विचारलं, आणि त्यात गावाचं काही चुकत नव्हतं. मग ओढजाळंच लावायचं ठरलं. हुडहुडी भरवणाऱ्या पाण्यात कमरेएवढं उतरून ते तळावरून जाळं ओढत गेले. पायाला गाळ, गाळात मांगूर. पुंजारामचे पाय बधिर व्हायचे. त्याच्याबरोबर आलेली द्वारकाबाई काठावर शेकोटी पेटवून बसायची आणि निघालेले मासे खड्ड्यात पुरायची. संक्रांतीनंतरही सुट्टीच्या प्रत्येक दिवशी हे चालूच होतं.

सगळे मांगूर निघाले नाहीत. उन्हाळ्यात मधल्या डोहात ते वळवळताना दिसलेच. पण गवताच्या कडेला बारकी मासळी तगली, आणि पुढच्या पावसानंतर बन्सीनं नाथसागराकडच्या पाहुण्यांकडून मरळीची पिल्लं आणून सोडली.

आता दर हिवाळ्यात दोघं जाळं ओढतात. मधे एका वर्षी थंडी पडलीच नाही. पौषातही पाणी कोमट होतं, आणि मांगूर जाळ्यावरून उड्या मारून निसटत होते. त्या दिवशी दोघं रिकाम्या हातानं काठावर बसले. बन्सीनं तंबाखू मळून निम्मी पुंजारामच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "उद्या पुन्हा बघू. रातीतून वारं फिरंल, गारठा पडंल."