वाटेला इंग्रजी येत नाही

रंगुबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नात मोनिका त्यांना आठ दिवसांसाठी सावेडीला आपल्या भाड्याच्या फ्लॅटवर घेऊन आली. मोनिका तिथल्याच एका बालवाडीत शिकवते. काळा चष्मा लावून म्हातारी दिवाणावर बसलेली, टीव्ही बंद, भाजी निवडायलाही मनाई. जिनं सारा जन्म रिकामं बसणं पाप मानलं, तिला असं बसवायचं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यातलाच प्रकार. दुपारी डोळ्यांत थेंब घालून मोनिका शेजारी टेकली आणि म्हणाली, आजी, एखादी गोष्ट सांग. रंगुबाईंनी आधी विचारलं, अमृत कुठवर आलाय? अमृत म्हणजे मोनिकाचे वडील. ते तिसगावहून भाकरी-ठेचा घेऊन एसटीनं निघाले होते. वाटेतच असतील, असं मोनिका म्हणाली. मग संपलंच. माणूस वाटेवर असताना म्हातारी दिवसाढवळ्या गोष्ट सांगणार नाही, आणि मराठीत तर नाहीच नाही.

हे काय गौडबंगाल आहे ते कळायला अठरा वर्षं मागं जायला हवं.

तिसगावजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत रंगुबाई तेव्हा पोरांची खिचडी शिजवायच्या. दिवाळी सरली की वस्तीवरची निम्मी माणसं ऊसतोडीला जायची, ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायची. अमृत आणि त्याची बायकोही जायची. सहा वर्षांची मोनिका आजीपाशी राहायची. त्या वर्षी आईबाप गेले आणि पोरीनं शाळेत ताटाला हात लावायचं सोडलं. तिचं बघून आणखी चार पोरं तशीच बसली. शाळेचे मच्छिंद्र गुरुजी म्हणाले, रंगुबाई, दिवेलागणीला तुम्ही नातीला गोष्टी सांगता म्हणे, त्यातली एक इथं सांगा, म्हणजे जेवतील. रंगुबाई पळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या आणि नाही म्हणाल्या. गुरुजींना वाटलं, बाई भाव खातेय.

भाव कसला, भीती होती ती. दिवसा गोष्ट सांगितली की वाटेवरचं माणूस वाट चुकतं, असं रंगुबाईंची आई सांगायची. रंगुबाईंनी ते आयुष्यात एकदाच मोडलं होतं. अमृत पाच वर्षांचा, तापानं फणफणलेला, भर दुपारी गोष्टीसाठी हटून बसलेला. त्यांनी हरवलेला बैल शोधायला निघालेल्या म्हाताऱ्याची गोष्ट सुरू केली. म्हाताऱ्याला बैल सापडला, परत येताना तो ओढ्यापाशी पोचला, तेवढ्यात दारात माणसं उभी राहिली. ऊसतोडीहून परतणारा ट्रक घाटात उलटला होता आणि त्यात त्यांचे मालक पुंजाराम होते. गोष्टीचा आणि ट्रकचा काही संबंध नाही, हे त्यांना साऱ्या गावानं समजावलं. पण दुसऱ्यानं समजावून मन थोडंच समजतं? ती गोष्ट ओढ्याशीच राहिली. अमृतनंही पुढं काय झालं म्हणून कधी विचारलं नाही.

आता इकडं उपाशी नात आणि तिकडं परमुलखात मुलगा-सून. रंगुबाईंनी तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी वर्गातल्या इंग्रजी तक्त्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"गुर्जी, मला ह्यातलं धा शब्द शिकवा," त्या म्हणाल्या. "वाटंला काय इंग्रजी येत न्हाई."

गुरुजी हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. दहा शब्द त्यांनी रंगुबाईंकडून घोकून घेतले आणि त्या दुपारी खिचडीच्या पातेल्यापाशी गोष्ट सुरू झाली. एक होती हेन. तिला लागली थर्स्ट. ती गेली रिव्हरवर, तर तिथं वॉटर नाही, नुसती सँड. प्रत्येक वाक्यात एक तरी इंग्रजी शब्द हवाच, म्हणजे ही गोष्ट चाललीय याचा वाटेला पत्ता लागत नाही. रंगुबाईंच्या तोंडून चुकून निव्वळ मराठी वाक्य गेलं की पोरं घास तोंडात धरूनच म्हणायची, वाट ऐकतीया. मग रंगुबाई जीभ चावून गुरुजींकडं बघायच्या आणि गुरुजी शब्द पुरवायचे. मोनिका दोन वाढी जेवली. आठवडाभरात पोरंच शब्द आणायला लागली, कारण ज्याचा शब्द गोष्टीत जाईल त्याला पातेल्याच्या बुडाची खरवड मिळायची. लॅडर, बकेट, नीडल, नेबर, सगळे त्या वस्तीवर नांदायला आले. शेवट मात्र रोज एकच, गुरुजींनी करून दिलेला: अँड ऑल केम होम.

पाडव्याला टोळ्या परतल्या तेव्हा रंगुबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून एकेक चेहरा बघत होत्या. सगळी आली. काही काम नसताना गुरुजीही तिथंच घुटमळत होते, आणि शेवटचा माणूस उतरल्यावरच ते घरी गेले. पुढं अकरा वर्षं हा नेम चालला. फार चांगले दिवस होते ते. मग अमृतनं कोयता ठेवून तिसगावात किराणा टाकला, गुरुजी निवृत्त झाले, रंगुबाईंची पळी दुसऱ्या बाईच्या हातात गेली. त्या शाळेत आता भिंतीवर मोठा पडदा आहे. तो इंग्रजी झकास बोलतो, पण त्याला खरवड देता येत नाही.

तर सावेडीच्या त्या दुपारी मोनिका म्हणाली, आजी, बाबांची अर्धी राहिलेली ती बैलाची सांग, इंग्रजी घालून.

रंगुबाईंनी पदर सावरून घेतला. मग सुरू झाल्या. एक होता ओल्ड मॅन. त्याचा ऑक्स हरवला. ओल्ड मॅननं हिल ओलांडली, सगळं फॉरेस्ट पालथं घातलं. मध्येच दार लोटून अमृत आत आला, पिशवी हळूच खाली ठेवून उंबऱ्यापाशीच बसला, आणि मोनिकाला त्यानं खुणेनंच गप्प केलं. म्हातारीला काळ्या चष्म्याआडून काही दिसलं नाही. ओल्ड मॅनला ऑक्स सापडला. दोघं निघाले, आणि रिव्हर आली. ओढ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांना आठवेना, म्हणून रिव्हरवरच भागवलं. अँड, असं त्या दोनदा म्हणाल्या आणि थांबल्या.

"आये, मी आलोय," अमृत म्हणाला. "वाटंवर आता आपलं कुनी न्हाई. फुडलं मराठीत सांग."

रंगुबाईंनी आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला. सेहेचाळीस वर्षांच्या मुलानं जवळ येऊन तो दोन्ही हातांत धरला.

"मंग," त्या म्हणाल्या, "म्हातारा वढा उतरला, आन् घरी आला."